बोटभर फट

आमच्या ह्यांना अख्खा रस्ता हळूभाऊ म्हणतो. नवीन नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं, चालायला हळू असतील, नाहीतर जेवायला हळू असतील. जेवायला आहेतच, भांडी घासायला मी ताटकळत उभी असते. पण हे नाव पडलं ते ट्रकखाली. गिअरबॉक्स उतरवायचा असो की चढवायचा, ह्यांच्या तोंडून दुसरा शब्द म्हणून निघत नाही. "हळू. हळू. अजून हळू." जॅकवर जो माणूस असेल त्याचं डोकं उठतं. तो माणूस बहुतेक वेळा माझा दीर असतो, आणि भाऊजी म्हणजे घाईचा पुतळा. एकाच आईची दोन लेकरं, पण देताना एकाला नुसते ब्रेक दिले आणि दुसऱ्याला नुसता ॲक्सिलरेटर.

गॅरेजला चिकटून आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, ते मी बघते. माझ्या हाताला काळं लागत नाही आणि मी लागू देत नाही. पण ट्रकच्या पोटात काय काय असतं, ते मला खोक्यावरच्या नंबरासकट पाठ आहे. त्यामुळे मला कुणी "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं" असं म्हटलं, की त्याची मी खरडपट्टीच काढते.

तर क्लचचं काम म्हणजे काय, ते सांगते. क्लचप्लेट असते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. ती बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स मागे ओढून खाली उतरवायचा. ते एक वेळ कुणीही करेल. खरी परीक्षा परत चढवताना. बॉक्सच्या तोंडाला एक दांडी असते, तिच्यावर लांब लांब चरे. ती दांडी प्लेटच्या मधल्या भोकातून जायला हवी, तिचे चरे प्लेटच्या चऱ्यांत बसायला हवेत आणि दांडीचं नाक पलीकडे इंजिनाच्या जड चाकातल्या, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये शिरायला हवं. सुईत दोरा ओवण्याचाच प्रकार. फक्त दोरा दोन माणसांच्या वजनाचा, आणि सुई दिसत नाही. जागाच नसते बघायला. हे उताणे झोपतात, दोन्ही हात वर घालतात आणि डोळे मिटतात. बॉक्स कुठे टेकलाय, कुठे झुकलाय, सगळं बोटांनी कळतं ह्यांना. अशी माणसं मी फार बघितली नाहीत, आणि नवरा आहे म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून सांगायच्या तक्रारी वेगळ्या आहेत.

गेल्या वर्षी ह्यांच्या हातातून कप पडायला लागले. पहिला फुटला तेव्हा मी ओरडले. दुसरा फुटला तेव्हाही ओरडले. नंतर एकदा फुटला तेव्हा ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसले. बोटं बधिर झाली होती. शर्टाची बटणं लागेनात, खिशातली किल्ली हाताला लागेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटात नस दबली आहे, आयुष्यभर पाने आवळलेत ना. दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झाली. "जाणीव परत येईल," बाई म्हणाल्या, "पण सावकाश. काहींना पूर्ण येते, काहींना थोडी कमी." मी म्हटलं, सावकाशीचं काही नाही, त्याची ह्यांना सवयच आहे. हे हसलेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून हे गाडीखाली गेले नव्हते. बॉक्स भाऊजी चढवत होते. काही बरे बसले, एकाच्या बाहेरच्या आवरणाचा, बोल्ट जातो तो कान तुटला. बसत नाही म्हटल्यावर भाऊजींनी लांब बोल्ट लावले आणि कसून कसून बॉक्स आत ओढला. ओढला जातो तसा, पण कधी प्लेट वाकते, कधी आवरण तडकतं. नवीन आवरण माझ्याच दुकानातून गेलं, फुकट.

एकदा दुपारी मी जेवून दुकानात आले, तर हे माझ्या नटांच्या ट्रेमध्ये हात घालून, डोळे मिटून उभे. एक नट उचलायचे, चाचपायचे, मापाचा आकडा पुटपुटायचे, मग डोळे उघडून बघायचे. कधी मान हलवायचे, कधी चेहरा पडायचा. मी पाय न वाजवता मागे फिरले आणि घरी जाऊन भांडी आपटली. मला रडायला आलं की मी भांडी आपटते.

माझ्या भावाचा वजनकाटा आहे, ट्रक वजन करायचा. त्याने निरोप पाठवला, दाजींना इकडे पाठव. खुर्ची आहे, पंखा आहे, बटण दाबायचं आणि आकडा वाचायचा. भावाचं मन चांगलं आहे हो. पण तो निरोप मी ह्यांना भाजी निवडता निवडता, खाली मान घालून सांगितला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी म्हणाले, "उद्या भोंग्याची गाडी येतेय. क्लचचं काम आहे. बॉक्स मी चढवतो. बसला तर बसला. नाही बसला तर मी काट्यावर जातो, आणि मग मला परत कुणी गाडीखाली बोलवायचं नाही."

एवढं लांबलचक हे लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. मला रात्री झोप आली नाही.

भोंगा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक स्वतःचा, चालवतो स्वतः, आणि आवाज असा की त्याला हॉर्नची गरजच नाही. सकाळी आला तोच ओरडत. "हळूभाऊ! क्लच दाबला की आतून कुरकुर करतेय! गिअर टाकला की दात खातेय! बघा काय झालंय ते!" हे म्हणाले, "बघतो." आणि गोणपाट अंथरून खाली गेले. दुकानाच्या काउंटरवरून मला ह्यांचे पाय दिसत होते. किती दिवसांनी दिसले म्हणून सांगू! एका गिऱ्हाईकाने फिल्टर मागितला तर मी त्याला दुसरंच काहीतरी काढून दिलं.

उतरवायचं काम नीट झालं. मागचा जॉइंट सोडला, गिअरची दांडकी सोडली, आडवी पट्टी काढली, इंजिनाखाली ठोकळा दिला, बोल्ट काढले. "हळू. हळू." भाऊजींनी कपाळाला हात लावला, पण बॉक्स जमिनीवर अलगद आला. प्लेट निघाली ती पार गुळगुळीत झालेली. मग हे हात पुसत माझ्याकडे आले, नवीन प्लेट मागितली आणि काउंटरवर उभं राहून ती उलटसुलट करून बघत बसले. तिकडे भाऊजींनी फ्लायव्हीलमधलं ते छोटं बेअरिंग छिन्नीने ठोकून बाहेर काढलं. "वहिनी, याचा तर चुराच झालाय!" असं तिथूनच ओरडले. नवीन बेअरिंग बसवलं, बॉक्सची दांडी पुसली, तिला ग्रीस फासलं. सगळं पटापट. आणि जुना माल गोणीत भरून भोंग्याच्या केबिनमध्ये ठेवून दिला. ही ह्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. जे निघेल ते सगळं गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यायचं, म्हणजे नवीन घातलं की जुनंच धुऊन बसवलं, ही शंका कुणाच्या मनात राहत नाही.

प्लेट ह्यांनी स्वतः बसवली. त्यासाठी आमच्याकडे एक डमी आहे, भंगारातल्या एका बॉक्सची कापलेली दांडी. ती आधी घालून बघायची, म्हणजे प्लेट बरोबर मधोमध येते. डमी सुळकन आत गेली, सुळकन बाहेर आली. ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मनात म्हटलं, चला, निम्मं झालं.

बॉक्स वर उचलला. हे खाली उताणे, हात वर. भोंगा मागे बसून बॉक्सचं शेपूट फिरवतोय, म्हणजे पुढची दांडी फिरते आणि चरे जुळतात. भाऊजी जॅकवर. बॉक्स सरकला, चरे जुळले, अजून सरकला. आणि थांबला. थोडी फट राहिली, बोटभर. परत मागे घेतला, परत पुढे. तिथेच. वर केला, खाली केला, शेपूट फिरवलं, हलवलं. तिथेच. दुपार झाली. जेवायला कुणी उठेना. भोंगा पहिल्यांदा ओरडत होता, मग हळूहळू गप्प झाला, आणि भोंगा गप्प झाल्यावर मी बिलबुक मिटून ठेवलं.

"डमी गेली की," भाऊजी म्हणाले. "डमी लोण्यासारखी गेली. मग बॉक्स का नाही जात?"

त्यांनी काही ह्यांच्यावर बोट ठेवलं नाही. पण प्लेट बरोबर, डमी बरोबर, मग उरलं काय? ट्रकखाली उताणा पडलेला माणूस आणि त्याचे हात. सगळ्यांच्या मनात तेच आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

भाऊजी म्हणाले, "दादा, चार लांब बोल्ट लावू का? बोटभरच तर आहे. कसला की येईल आत."

एरवी हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर ट्रकखालून पाना आला असता. मी वाट बघत होते ओरडण्याची. खाली पाना गोणपाटावर ठेवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "तुला बरं वाटत असेल तर लाव."

बॉक्स बसला नाही याचं मला वाटलं नव्हतं एवढं त्या वाक्याचं वाटलं. हा माणूस काट्यावर जाऊन बसला होता की! खुर्ची, पंखा, बटण, सगळं घेऊन बसला होता. नुसतं शरीर तेवढं गाडीखाली होतं. भाऊजींनी बोल्ट घ्यायला हात पुढे केला, आणि मी काउंटरची फळी वर करून बाहेर आले.

"खबरदार बोल्टाला हात लावलात तर!" मी म्हटलं. "आवरण तडकलं की माझ्याच दारात येता ना नवीन मागायला? व्हा बाजूला."

"वहिनी, अहो, तुम्ही कुठे..."

"मी कुठे ते मी बघते."

आणि मी गेले खाली. आयुष्यात पहिल्यांदा. गोणपाटावर गुडघे टेकले, मग कोपरं, मग सरळ पाठीवर. अगं बाई, काय ती जागा! नाकावर तेल, केसांत माती, आणि वर ते लोखंड लोंबकळतंय. ह्यांच्या शेजारी जाऊन पडले. हे छताकडे, म्हणजे ट्रकच्या पोटाकडे बघत होते. डोळे ओले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशाला आलीस? घाण होशील."

"झालेय," मी म्हटलं. "फट दाखवा कुठेय ती."

ह्यांनी माझा हात धरून वर नेला. इंजिन आणि बॉक्स यांच्या मधली फट माझ्या बोटाला लागली. करंगळीच्या शेजारचं बोट बरोब्बर आत जात होतं.

"वरच्या बाजूला?" ह्यांनी विचारलं.

"जातंय. घट्ट."

"खाली?"

"तेवढंच."

"माझ्या बाजूला हात घाल. आता तुझ्या बाजूला."

मी अख्ख्या गोलाईभर बोट फिरवून आणलं. कुठे सैल नाही, कुठे अडकत नाही. "सगळीकडे सारखी आहे," मी म्हटलं. "एका मापाची."

ह्यांनी डोकं माझ्याकडे वळवलं. "नक्की?"

"अहो, बांगड्यांची मापं घेतल्यासारखं बोट फिरवलंय. नक्की म्हणजे नक्की."

"मलाही सारखीच लागली होती," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक. "सकाळपासून सारखीच लागतेय. मला वाटलं, माझी बोटं काहीतरीच सांगतायत."

मग जे काही झालं ते मी विसरायची नाही. हे माझ्याशीच बोलायला लागले, पण आवाज वाढत वाढत गेला. चरे जुळले नसते तर फट हातभर राहिली असती. बॉक्स वाकडा असता तर एकीकडे जास्त, एकीकडे कमी. सारखी आहे म्हणजे बॉक्स सरळ आहे. प्लेट बरोबर आहे, हात बरोबर आहेत. आत दांडीच्या नाकासमोर काहीतरी आडवं येतंय. "बोटभर जाडीचं काय असतं तिथे?" हे मलाच विचारत होते, आणि मला खोकी पाठ असल्यामुळे मी पटकन म्हटलं, "बेअरिंग!"

"जुनं बेअरिंग कुठेय रे?" हे खालून ओरडले. हळूभाऊ ओरडले! भोंग्याने केबिनमधून गोणी आणून तिथेच रस्त्याच्या कडेला उपडी केली. मी सरपटत बाहेर आले आणि तो सगळा ढीग हाताने पसरला, काळं लागायचं भान कुणाला होतं. जुनी प्लेट, तिला दाबून धरणारी जुनी प्रेशर प्लेट, बेअरिंगची बाहेरची कडी, काही गोळ्या, चेपलेला पत्रा. आतली कडी कुठेच नाही. गोणी झटकली, परत चाळलं. नाही.

"चुरा झाला असेल," भाऊजी म्हणाले, पण स्वतःच परत गोणी उलटी करून बघत होते.

"कडीचा चुरा होत नाही, भाऊजी. कडी कुठेतरी असते."

बॉक्स परत खाली घेतला. ह्यांनी दांडीचं नाक फडक्याने पुसलं, ग्रीस निघालं, आणि अंगठा फिरवला. फिरवता फिरवता एका जागी थांबले. "हे बघ." जुन्या बेअरिंगची आतली कडी नाकावर घट्ट बसलेली, जळून काळी ठिक्कर, दांडीचाच एक भाग असल्यासारखी. भाऊजींनी तिच्यावरूनच ग्रीस फासलं होतं. एक कडी नाकात घालून बॉक्स दुसऱ्या बेअरिंगमध्ये शिरणार कसा? डमीच्या नाकावर कडी नव्हती, म्हणून डमी जात होती.

भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता. "दादा, मी पुसलं होतं. मीच..."

"मला तरी कुठे दिसली," हे म्हणाले. "ग्राइंडर आण."

ग्राइंडरने कडीला एक चीर पाडली, छिन्नीचा एक बेताचा टोला दिला, आणि ती टणकन उडून भोंग्याच्या पायाशी पडली. तो उडी मारून मागे सरला. मला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

परत बॉक्स वर. परत हे खाली, डोळे मिटलेले. भोंगा शेपूट फिरवतोय, भाऊजी जॅकवर, आणि या वेळी भाऊजीच पुटपुटत होते, हळू, हळू. मी काउंटरवर गेलेच नाही, तिथेच उभी राहिले, काळ्या हातांनी. बॉक्स सरकला. चरे जुळले. त्या बोटभर फटीपाशी आला आणि न थांबता, चांगल्या कपाटाचा खण लागतो तसा आत गेला. टक्. एवढासा आवाज, पण माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, धबाककन पडला. मी तिथेच मडगार्डला धरून उभी राहिले.

बोल्ट लागले, हाताने, नुसत्या बोटांनी फिरवून, कुठेही जोर न लावता. जॉइंट जोडला, दांडकी जोडली. भोंग्याने गाडी चालू केली, क्लच दाबला, गिअर टाकला. कुरकुर नाही, खरखर नाही. तो इतक्या जोरात ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. भाऊजींनी डोळे पुसले आणि वर म्हणाले, डोळ्यात ग्रीस गेलं. गेलं असेल.

हे बाहेर आले. हात धुवायच्या नळाशी उभे राहिले, पण हात धुतलेच नाहीत. दहाही बोटं तोंडासमोर धरून बघत होते, एक एक बोट अंगठ्याला लावून. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मीच म्हटलं, "काय सांगतायत?"

"बरोबर सांगतायत गं," हे म्हणाले. "सकाळपासून बरोबरच सांगत होती. मीच ऐकत नव्हतो."

माझ्याच्याने राहवेना. भर रस्त्यात, भाऊजी आणि भोंगा बघत असताना, मी त्यांचे ते काळे हात माझ्या काळ्या हातात धरले आणि रडले. आपटायला जवळ एकही भांडं नव्हतं.

मग मी दुकानात येऊन चहा केला. भावाला फोन लावून सांगितलं, तुझ्या खुर्चीवर दुसरा कुणी बघ बाबा, आमच्याकडचा माणूस मोकळा नाही. तो "का, काय झालं" विचारत होता, पण मला धड सांगता येईना, नुसतं हसू येत होतं. कप भरला आणि ह्यांना द्यायला वळले, तर ह्यांचा पत्ता नाही.

बाहेर कुठलासा अनोळखी टिपर येऊन उभा होता. त्याचा ड्रायव्हर भाऊजींना सांगत होता की गिअर अडकतोय म्हणून. भाऊजी "उद्या या" म्हणेपर्यंत टिपरखाली दोन पाय दिसत होते. चांगले ओळखीचे पाय.

"अहो!" मी कप हातात घेऊन धावले. "दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही! डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? हातांना विश्रांती! ऐकू येतंय का? तो चहा गार होतोय! आधी बाहेर या, मग काय ते बघा!" खालून पायाचा एक अंगठा तेवढा हलला. मी आणखी वरच्या पट्टीत सुरू केलं. भाऊजी म्हणाले, वहिनी, जाऊ द्या ना. पण मी कशाची थांबतेय! वर्षभर ज्याच्यावर मोठ्याने बोलायची माझी हिंमत झाली नव्हती, त्याच्यावर मी टिपरपाशी उभी राहून पोटभर ओरडत होते, आणि इतकं बरं वाटत होतं की थांबावंसंच वाटेना.